तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर: गोडसे भटजी, महू आणि वाचकाचं 'मला वाटलं'

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली, आणि खाली दोन ओळी टाकून मोकळं व्हावं अशी ती नाहीये, म्हणून वेगळं आणि लांब लिहितेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उन्हाळ्यात वाचलेल्या चार पुस्तकांबद्दल मी लिहिलं होतं: विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' (सत्तावनच्या बंडात सापडलेल्या एका भटजींच्या आठवणी), लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', विश्राम बेडेकरांची 'रणांगण' आणि उद्धव शेळके यांची 'धग'. त्यावर दादांचं म्हणणं असं की याला परीक्षण म्हणत नाहीत, यात नुसतं 'मला असं वाटलं, मला तसं वाटलं' आहे. गोडसे भटजींच्या भागात निम्मी जागा महू (इंदूरजवळची लष्करी छावणी) आणि इंदूरनेच खाल्लीय. ते पुस्तक इतकं खरं मानून वाचणं भाबडेपणाचं आहे, कारण ते पंचवीसेक वर्षांनी आठवून लिहिलंय आणि वर संपादक चिं. वि. वैद्यांनी त्यावर हात फिरवलाय. 'स्मृतिचित्रे'शी त्याचा संबंध ओढूनताणून जोडलाय, 'रणांगण'चा शेवट सांगून टाकलाय, 'धग'बद्दल माझ्यापेक्षा माझ्या सासूबाईच जास्त बोलल्यात. आणि सगळ्यात शेवटी, महाराष्ट्राबाहेर राहणारी मराठी माणसं जुन्या पुस्तकांवर भावुक होतात आणि त्यात पुस्तकापेक्षा आठवणींचं प्रेम जास्त असतं.

मी तुमच्या क्रमाने जाणार नाही, कारण तुमचे सगळे मुद्दे मला सारख्या वजनाचे वाटत नाहीत. महूचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे, बाकीचं पुष्कळसं त्यातनंच सुटतं.

भटजी पेणजवळच्या वरसईचे. घरावर कर्ज, आणि कानावर आलं की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत, तिकडे गेलं तर दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, जमलं तर गंगाही आणता येईल. म्हणून काकांना बरोबर घेऊन हा माणूस १८५७ साली उत्तरेकडे पायी निघाला. कशात शिरतोय याची त्याला काडीचीही कल्पना नाही. आणि महूच्या अलीकडे वाटेत भेटलेले पलटणीतले शिपाई या दोघा भटजींना सांगतात की पुढे जाऊ नका, आता गडबड होणार आहे. बस, एवढंच पान. पुण्यात बसून वाचताना ते येतं आणि निघून जातं, मी समजू शकते, कारण खरं पुस्तक पुढे आहे, ग्वाल्हेर आहे, झाशी आहे. पण मी इंदूरला राहते दादा. महू आमच्याकडे तासाभराच्या आत आहे, पावसाळ्यात पाताळपाणीचा धबधबा बघायला निघालं की महूवरनंच जातो, तिथली छावणी लहानपणापासून पाहिलेली आहे. सत्तावनबद्दल आमच्या शहरातल्या कुठल्याही शाळकरी मुलाला विचारा, ते १ जुलै सांगेल, त्या दिवशी सआदत खान आणि बाकीच्यांनी इंदूरच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या ठाण्यावर, हल्ला केला, इंग्रज अधिकारी पळाले आणि त्याच रात्री महूची पलटण उठली. रेसिडेन्सी कोठी अजून उभी आहे, आम्ही तिच्यासमोरनं रोज जातो येतो. पण हे सगळं त्या दिवसाचं झालं. त्या दिवसाच्या आधीचे दिवस कसे होते, बातमी कुणाच्या तोंडून कुणाच्या कानात जात होती, हे मला कुठल्याच धड्यात भेटलं नव्हतं. ते या भटजींच्या पुस्तकात भेटलं. बंड करायला निघालेला शिपाई रस्त्यात दोन गरीब ब्राह्मण दिसले म्हणून थांबतो आणि त्यांना सावध करतो. म्हणजे गुपित होतंही आणि नव्हतंही, आणि त्या शिपायाला आपण काय करणार आहोत याच्याबरोबरच वाटेवरच्या माणसांचं काय होईल तेही सुचत होतं. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. तर याला जागा द्यायची नाही तर कशाला द्यायची? झाशीच्या वेढ्याबद्दल माझ्याहून चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत, महूच्या त्या पानाबद्दल लिहायला महूजवळचंच कुणी लागणार.

आता ते पुस्तक किती खरं. तुम्ही दिलेली माहिती बरोबर आहे आणि ती मला ठाऊक होती. भटजींनी ते वैद्यांच्या सांगण्यावरनं लिहिलं, १८८३ च्या सुमारास, म्हणजे घटनांनंतर पाव शतकाने. वैद्यांनी ते छापलं १९०७ साली, आणि छापताना भाषा सारखी केली, काही गाळलं, काही बदललं. मूळ मजकूर इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये बाहेर काढला. आता यातनं तुम्ही असा अर्थ काढता की असं पुस्तक जपून, लांबनं वाचावं, त्यावर जीव टाकू नये. मी उलटं म्हणते. ते कुणी लिहिलंय आणि कधी लिहिलंय हे एकदा कळलं की कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे नाही हे वाचकाला आपोआप कळायला लागतं. फौजा किती होत्या, तोफा किती, वाड्याच्या आत कोण कुणाला काय बोललं, हे भटजी सांगतात तेव्हा ते ऐकीव आहे, मी त्यावर पैज लावणार नाही. पण कुठल्या गावात शिधा मिळाला, कुठे लुटलं गेलो, वेढ्याच्या दिवसांत कुठे लपलो, भूक आणि तहान कशी होती, हे माणूस पंचवीस वर्षांनीही विसरत नाही. माझ्या ओळखीतली फाळणीच्या वेळी सिंधमधून आलेली म्हातारी माणसं या शहरात होती, त्यांना तारखा सांगता यायच्या नाहीत पण स्टेशनवर पाणी कुणी दिलं ते सांगता यायचं.

झाशीची लूट झाली तेव्हाचं वर्णन आठवा. माणसं कापली जाताहेत, घरं जळताहेत, आणि त्या सगळ्यात भटजींना तिथल्या ग्रंथसंग्रहाची झालेली नासधूस दिसते, पोथ्या कशा गेल्या ते ते सांगतात. का दिसते? कारण तो पोथ्यांवर जगणारा माणूस आहे. इंग्रज अधिकाऱ्याच्या टिपणात किल्ला कसा पडला ते असेल, पोथीचा शोक तिथे कसा असणार. तसंच ते विहिरीचं प्रसंगचित्र. झाशीतून निसटलेली राणी वाटेत तहानलेली येते, भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, आणि ती तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नका काढू म्हणत स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. तेव्हा तिच्या तोंडून आलेले शब्द जसेच्या तसे असतील असा माझा दावा नाही. पण एका राज्याची मालकीण आणि एक भिक्षुक काठावर उभे आहेत, आणि दोघांनाही आपापलं स्थान अजून आठवतंय, सगळं बुडालेलं असताना आठवतंय, हे मला त्या काळाबद्दल जेवढं सांगून गेलं तेवढं जाड ग्रंथांनी सांगितलं नाही.

आणि आता तुम्हीच बघा दादा, 'माझा प्रवास' म्हणजे तरी काय आहे? एका माणसाने जे पाहिलं, त्याला जे वाटलं, तेच ना. ना तो सेनापती ना इतिहासकार. तो यज्ञाला निघालेला भटजी आहे, यज्ञ राहिला बाजूला, आणि जे डोळ्यासमोर आलं ते त्याने आपल्या नजरेने सांगितलं. त्याची नजर काढून टाकली तर त्या पुस्तकात काय उरेल? सत्तावनच्या घटनांची एक यादी, आणि ती यादी इतर शंभर ठिकाणी जास्त अचूक मिळेल. आपण ज्या पुस्तकावर भांडतोय ते पुस्तकच 'मला वाटलं'वर उभं आहे. मग त्याच्या वाचकाने 'मला वाटलं' म्हटलं तर ते हलकं का ठरतं?

एक अट मात्र मीही मानते आणि ती कडक मानते. नुसतं 'खूप आवडलं', 'रडू आलं', 'अप्रतिम' असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं, ते मलाही चालत नाही. वाटलं असेल तर कुठल्या पानावर वाटलं ते दाखवलं पाहिजे, म्हणजे दुसरा माणूस ते पान उघडून बघेल आणि म्हणेल की हो, किंवा म्हणेल की छे, मला तर इथे काहीच झालं नाही. तिथनं बोलणं सुरू होतं. तुम्हाला माझ्या लिखाणात पान न दाखवता केलेलं विधान सापडलं तर जरूर सांगा. पण पान दाखवून केलेल्या विधानाला 'हे तर वैयक्तिक आहे' एवढंच उत्तर असेल तर ते मला पुरत नाही. वाचन वैयक्तिकच असतं, पुस्तक दोन माणसं एकदम वाचत नाहीत.

परीक्षण हा वेगळा प्रकार आहे आणि त्याबद्दल मला आदरच आहे. मराठीत कादंबरीचा प्रवाह कसा वाहिला, कुठलं पुस्तक कुठे बसतं, कुणावर कुणाचा प्रभाव, हे अभ्यासकांनी लिहावं आणि आम्ही वाचावं. ते काम मी करत नाही, करते असं कधी म्हटलंही नाही.

आता लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. ओढूनताणून संबंध जोडला म्हणता. पुस्तकाची सुरुवात परत काढून बघा. सत्तावन तिथे दारातच उभं आहे, आजोबांना झालेली फाशी, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना जडलेलं सोवळ्याओवळ्याचं वेड, ज्याच्यापायी अख्खं घर, बायको, मुलं सगळी धुण्यापुसण्यात पिचून गेली. लक्ष्मीबाई १८६८ च्या, म्हणजे बंडानंतर अकरा वर्षांनी जन्मल्या, आणि त्यांचं बालपण त्या बंडाने घरात आणून टाकलेल्या भीतीत गेलं. भटजी वरसईला आपल्या आठवणी लिहीत होते तेव्हा इकडे लक्ष्मीबाई पंधराएक वर्षांच्या, लग्न झालेल्या, नारायण वामन टिळकांसारख्या विलक्षण नवऱ्याबरोबर संसार शिकत होत्या. एकाच काळातली ही दोन मराठी माणसं. दोन्ही पुस्तकं मी एकामागोमाग एक वाचली नसती तर मला हे दिसलंच नसतं हे खरं, पण एकामागोमाग वाचली म्हणून ते खोटं होत नाही ना. पाणी, स्पर्श, सोवळं हे भटजींच्या पुस्तकात हवेसारखं आहे, त्यांना ते सांगावंसंही वाटत नाही, ते गृहीत आहे. आणि लक्ष्मीबाई तेच गृहीत एकेक करून सोडत जातात. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, त्या नाही झाल्या, वर्षानुवर्षं झाल्या नाहीत, आणि मग स्वतः विचार करून, स्वतःच्या वेळेने, स्वतःच्या पायांनी तिथे पोचल्या. पाठोपाठ वाचताना मला असं वाटलं की भटजींनी ज्या घराचं दार बाहेरनं दाखवलं त्याच घराच्या आत लक्ष्मीबाई मला घेऊन गेल्या. शाळेत न गेलेली बाई, नवऱ्याने अक्षरं शिकवलेली, आणि हे गद्य! १९३४ पासून भागाभागाने आलेलं ते पुस्तक आजही कुणी शेजारी बसून बोलतंय असं ऐकू येतं. भटजींचंही तसंच, लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही, सांगायचं म्हणून लिहिलेलं आहे. हा दुसरा संबंध, आणि तोही मी जोडलेला नाही, तो पानांवरच आहे.

'रणांगण'च्या शेवटाबद्दल थोडक्यात. पुस्तक १९३९ चं आहे. युरोपातनं निघालेल्या बोटीवर एक हिंदी तरुण आणि घर सुटलेली एक ज्यू मुलगी आहे, आणि त्यांचं पुढे काय होणार हे बोटीवरच्या प्रत्येकाला आणि वाचकालाही पहिल्यापासून आतून माहीत असतं. हे पुस्तक शेवट काय होतो यासाठी वाचायचं नाहीच, हेर्टा आणि चक्रधर जो थोडासा वेळ मिळालाय तो कसा घालवतात यासाठी वाचायचं. मला शेवट आधीपासून माहीत होता, आमच्या घरी कुणीतरी सांगून टाकला होता, आणि तरी शेवटची पानं वाचताना हात थरथरले. तेव्हा मी जे लिहिलं ते तसंच ठेवणार आहे.

'धग'चं मात्र सांगते, कारण सासूबाईंबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला लागलं. त्या अकोल्याकडच्या. पूर्वी अकोल्याहून खंडवा, महू करत इंदूरपर्यंत मीटरगेज होती, त्या गाडीने वऱ्हाडातली पुष्कळ माणसं इकडे आली, कुणी नोकरीला, कुणी लग्न होऊन. सासूबाई अशाच लग्न होऊन आल्या आणि इथे आल्यावर त्यांची बोली हळूहळू गेली, कारण इथल्या मराठी घरांमध्ये बोलणं वेगळं आणि बाहेर सगळी हिंदी. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून मी 'धग' मोठ्याने वाचून दाखवत होते. मला वऱ्हाडी नीट वाचता येत नाही, मी अडखळायची आणि त्या पुढचं वाक्य योग्य हेलात म्हणून दाखवायच्या, आणि काही दिवसांनी त्या माझ्याशी स्वैपाकघरातही तसंच बोलायला लागल्या. कौतिक राबते, नवरा महादेव शिंपी, पण कामात त्याचं लक्ष नाही आणि पुढे आजारी पडतो, पोरांच्या पोटात काही जात नाही, गाव बदललं तरी नशीब बदलत नाही, हे सगळं मी साहित्य म्हणून वाचत होते आणि त्या ओळखीची बाई भेटल्यासारखं ऐकत होत्या. एकदा म्हणाल्या, "हे पुस्तक लिहिणाऱ्यानं चूल फुंकलेली दिसते." १९६० च्या या कादंबरीबद्दल एवढं नेमकं विधान मला तरी सुचलं नसतं. शेळक्यांनी कौतिकवर दया केलेली नाही, तिला कुठे मोठं करून दाखवलेलं नाही, तिच्या रोजच्या कामाबरोबर ते चालत राहतात, म्हणून ती एवढी खरी वाटते, आणि हे मला सासूबाईंच्या त्या एका वाक्यातनं कळलं. ज्यांच्या बोलीत पुस्तक लिहिलंय त्यांचं मत मी दिलं तर ते जास्तीचं कसं होईल दादा, त्या पुस्तकावर बोलण्याचा त्यांच्याइतका हक्क आमच्या घरात दुसऱ्या कुणाचा आहे?

आणि आता ते महाराष्ट्राबाहेरच्यांचं आठवणींवरचं प्रेम. हे वाक्य आम्ही बरेचदा ऐकतो, पाहुण्यांकडनंसुद्धा, तुम्ही अजून मराठी वाचता का असं कौतुकाने विचारतात. पण या वेळेस ते अगदीच चुकीच्या माणसाला लागलंय. मी हिंदी माध्यमात शिकले. या चार पुस्तकांपैकी एकही मला शाळेत, कॉलेजात नव्हतं, एकाचाही धडा मी पाठ केलेला नाही, बाईंनी शिकवलेलं नाही, परीक्षेत आलेलं नाही. माझ्याकडे यांच्या आठवणीच नाहीत तर आठवणींचं प्रेम कुठनं येणार? तुमच्यातल्या कितीतरी जणांनी लक्ष्मीबाईंना आधी पाठ्यपुस्तकात पाहिलं, मी त्यांना पन्नाशीत पहिल्यांदा भेटले, कोऱ्या मनाने. गोडसे भटजी तर मला आधी हिंदीतच भेटले, अमृतलाल नागरांनी केलेल्या अनुवादातनं, 'आँखों देखा ग़दर', कॉलेजच्या लायब्ररीत होतं. मराठीतला मूळ माणूस कसा बोलतो हे ऐकायची तेव्हापासून इच्छा होती, ती आत्ता पुरी झाली. इथे मराठी पुस्तक सहज दुकानात जाऊन घेता येत नाही, कुणी पुण्याला निघालं की यादी द्यायची, नाहीतर ऑनलाइन मागवायचं, नाहीतर वाचनालयात नंबर लावायचा. एवढं करून आणलेलं पुस्तक माणूस लक्ष देऊनच वाचतो. त्याला भावुकपणा म्हणायचं असेल तर म्हणा, मी त्याला गरज म्हणते. २००१ साली साहित्य संमेलन आमच्या इंदूरला झालं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या, तेव्हा सभामंडपात इथली जी माणसं बसली होती ती काही आठवणी काढायला आली नव्हती, ती वाचणारी माणसं होती.

महूवर परत एक गोष्ट राहिली. भटजींना जिथे शिपायांनी सावध केलं त्याच महूच्या छावणीत चौतीस वर्षांनी, १८९१ साली, बाबासाहेबांचा जन्म झाला, वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते, आणि गावाचं नाव आता डॉ. आंबेडकर नगर आहे. भटजींचं जग, दक्षिणेचं आणि सोवळ्याचं, त्याला छेद देणारा माणूस तिथेच जन्मला हे मला ते पान वाचताना सारखं जाणवत होतं, पण त्या लेखात ते मावलं नाही. म्हणून पुढे दया पवारांचं 'बलुतं' आणलंय, १९७८ चं, अजून उघडलेलं नाही. त्यावरही मला काय वाटलं तेच लिहीन, पानांसकट.

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे वैद्यांची आणि पोतदारांची, दोन्ही प्रती आहेत. माझ्याकडे पोतदारांची नाही, वाचनालयातही मिळाली नाही. तर एक काम कराल का, महूपासून उज्जैनपर्यंतचा भाग दोन्हीकडे समोरासमोर ठेवून बघा, शिपायांचं ते बोलणं मुळात किती आहे आणि वैद्यांनी त्यात काय गाळलं किंवा बदललं, आणि इथे खाली लिहा. सगळंच बदललेलं निघालं तरी लिहा, मला ते वाचायचंय.